खंडेनवमीचा सामना

मित्रांनो, माळ्यावर गोणपाटाखाली धूळ खात पडलेला हा काळा डबा म्हणजे मी, एक जुना व्हिडिओ गेम. मला टीव्हीला जोडायचे, डोक्यावरच्या खाचेत कॅसेट बसवायची आणि दांडी हलवत खेळायचे.

नळदुर्गच्या गुलाब ड्रायव्हरने मला मुंबईहून ट्रकमधून आणले, ते मुक्तासाठी. पोलिओमुळे त्याच्या या लेकीला चालता येत नसे. हातांत मात्र वीज होती! पडद्यावरचा चेंडू तिने कधी सुटू दिला नाही. शेजारीपाजारी बघायला जमत आणि मी फुलून जाई.

पुढे दुष्काळात ऊस जळाला. सहकारी साखर कारखान्याचे धुराडे थंड पडले आणि तिथला नवा कॉम्प्युटर रिकामा बसला. तो चालवणारा बिभीषण त्यावर चेंडूचाच खेळ खेळे.

"तुमच्या डब्यापरीस आमचं मशीन लई भारी," तो एकदा मुक्ताचा खेळ बघायला आला तेव्हा म्हणाला.

"दोन्ही शेजारी ठिवून बघू की," मुक्ता म्हणाली.

चेअरमन नानासाहेबांना गंमत वाटली. "पोरीनं दोन्ही चालवून कोणतं सरस ते दाखवलं, तर तिला कॉम्प्युटरच्या कामाला घेऊ," ते बोलून गेले. घराबाहेर पडायला मुक्ताला तेवढीच एक वाट होती.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. सामना त्याच दिवशी ठरला. गुलाबने मुक्ताला आणि मला ट्रकमधून तिथे नेले. आधी मुक्ता कॉम्प्युटरवर खेळली. फ्लॉपीवरून खेळ यायलाच केवढा वेळ! हिरवा चेंडू अडखळत सरके, बटण दाबले तरी चेंडू अडवणारी फळी मागाहून हले. मी मनात हसलो. माझा चेंडू रंगीत, शिवाय दांडी हलताच फळी हलायची.

पण तिची आई तुळजाबाई भाबडी. सगळे तिकडे बघत असताना, लेकीला यश यावे म्हणून तिने माझ्या उघड्या खाचेतच चिमूटभर हळदकुंकू सोडले.

मुक्ताने कॅसेट बसवली. पडद्यावर नुसत्या मुंग्या! लोक हसले. तिने कॅसेट उपसली, तर खाच लाल दिसली. समोर आई हात जोडून उभी होती. मुक्ताने कॅसेट परत दाबून खाच झाकली.

"चालंना व्हय?" बिभीषण म्हणाला.

"मलाच जमत न्हाय," ती म्हणाली.

खरे काय ते ओरडून सांगावे वाटले, पण मला तोंड कुठे होते? नानासाहेब उठून गेले. पुढे गुलाबने सोलापुरात मला साफ करून आणले. मी ठणठणीत झालो, पण मुक्ताने मला पुन्हा हात लावला नाही. याहून वाईट जिणे नाही.

मित्रांनो, कोणते यंत्र सरस ते खुशाल ठरवा. पण एखादे बंद पडले, तर ते चालवणाऱ्याला अडाणी समजून उठू नका. "उद्या पुन्हा बघू," एवढे तरी म्हणा. नानासाहेबांना तेवढे सुचले नाही, आणि मुक्ता आजही उंबऱ्याच्या आतच बसून आहे.