मागचं चाक

"मागे कोण बसतं?" मास्तरांनी विचारलं.

"बायको."

"वजन?"

तासभर काटेकाकांनी मास्तरांच्या प्रत्येक प्रश्नाला पटापट उत्तरं दिली होती, इथे मात्र गाडी अडली.

मास्तरांचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली बोळकांडी. वर हुकांना टांगलेल्या रिमा, खाली पत्र्याच्या डब्यांत लांबीप्रमाणे लावलेले स्पोक, आणि मधोमध लोखंडी घोड्यावर चढवलेलं एक अर्धवट चाक. मोटरसायकलची चाकं हाताने बांधून देणारा गावात हा एकच माणूस उरला होता. काटेकाका आले होते ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, चकचकीत ॲल्युमिनियमच्या चाकांची तयार जोडी मनात धरून. मास्तरांनी त्या जोडीला नुसतं बोट लावलं.

"दिसायला नवरदेव आहे. पण स्पोक मऊ. दोन महिन्यांत चाक नाचायला लागेल, मग तुम्ही इथेच याल आणि मलाच शिव्या घालाल."

"मग चांगलं कोणतं?"

मास्तरांनी चांगलं दाखवलं, किंमतही सांगितली. काटेकाकांनी खिशाकडे गेलेला हात गुपचूप मागे घेतला. मास्तरांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"एक सांगा, दुखतं कुणाला? चालवणाऱ्याला की मागच्याला?"

"मागच्याला."

"मग पुढचं चाक कशाला बदलता? पुढे राहू दे तुमचं आताचं बिनतारांचं अलॉयच. मागे साधी लोखंडी रिम घ्या, मधला हब मी जुना शोधून देतो, आणि वाचलेले पैसे चांगल्या स्पोकमध्ये घाला. चमक मिळणार नाही. लोक हसतील."

"हसू देत," काटेकाका म्हणाले.

हसण्याबिसण्याची त्यांना पर्वा नव्हती. दर तीन आठवड्यांनी बायकोला पस्तीस किलोमीटरवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागे. बसमध्ये तिला उलट्या व्हायच्या, आणि भाड्याची गाडी दर खेपेला करण्याइतकी ऐपत नव्हती. राहिली मोटरसायकल. पण आजार आता पाठीच्या मणक्यांपर्यंत पोचला होता आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिला आतून लागायचा. मागच्या खेपेला घरी उतरल्यावर तिने दाराची चौकट धरली आणि श्वास जागेवर येईपर्यंत तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला मी यायची नाही. औषध नको पण तो रस्ता नको."

एकदा बोलली की शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हती. औषध सुटलं तर पुढे काय, हे डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यानंतर दोन दिवसांनी एका ट्रक ड्रायव्हरने सहज सांगितलं, की अलॉयचं चाक दगडासारखं, खड्डा जसाच्या तसा हाडात पोचवतं. स्पोकचं चाक थोडं दबतं, सोसून घेतं. काटेकाकांनी ते गाठीशी बांधलं.

"वजन कशाला लागतं?" आता त्यांनी मास्तरांना उलट विचारलं.

"अहो, सगळं त्याच्यावरच. स्पोक किती जाड, टायरात हवा किती, शॉकअपची स्प्रिंग कुठल्या खाचेत. जड माणसाला सैल ठेवलं तर आपटतं, हलक्याला घट्ट ठेवलं तर उडवतं. नुसत्या चाकाने काही होत नाही. चाक, हवा, शॉकअप, तिन्ही वजनाला जुळली तर आराम."

"बासष्ट," काटेकाका म्हणाले.

मास्तरांनी खडूने भिंतीवर आकडा लिहिला आणि ते कामाला लागले.

आता हा माणूस कोण, ते सांगायला हवं. काटेकाका म्हणजे गावाबाहेरच्या वजनकाट्यावरचे कारकून. सव्वीस वर्षं ट्रक काट्यावर यायचे, भरलेले आणि रिकामे, आणि काका काचेच्या खिडकीतून आकडा मोठ्याने वाचून पावतीवर लिहायचे. दहा-वीस किलो इकडचे तिकडे करा म्हणून विनवण्या झाल्या, दमदाटी झाली, एकदा खिडकीची काच फुटली. काका बधले नाहीत. "खोटं वजन लिहून गाडी सोडली, की ती रस्त्यात कुठेतरी दगा देते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरी-दारी सगळ्यांना ते तोंडपाठ होतं.

आणि त्याच माणसाने चक्क एकवीस किलो खोटे सांगितले होते.

हॉस्पिटलात प्रत्येक खेपेला तिला काट्यावर उभं करत. काका तेवढ्या वेळात भिंतीवरचा जुना तक्ता वाचायचे. जगातल्या कुठल्याही काट्याकडे ज्यांची नजर आपोआप जायची, ते त्या एकाच काट्याकडे पाठ करून उभे राहत. नर्स कार्डावर आकडा लिहायची आणि काका ते कार्ड न बघता घडी घालून खिशात ठेवायचे. पण गेल्या खेपेला नर्सने आकडा मोठ्याने म्हटला होता. एकेचाळीस. कानांना पाठ फिरवता येत नाही.

दोन दिवसांनी चाक बसलं. बायको दारात येऊन उभी राहिली. पुढे काळं जाड अलॉय, मागे बारीक तारांचं साधं चाक. ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

"अहो, हे काय! पुढे बूट आणि मागे चप्पल?"

"मागचं तुझं आहे. पुढच्याशी तुला काय करायचंय?"

"फक्त माझं?"

"फक्त तुझं. आता तरी येशील ना?"

ती चाकाजवळ गेली. एक तार तिने बोटाने दाबून बघितली. "एवढं केलंत, तर येते," म्हणाली.

चाचणी म्हणून ते नाक्यापर्यंत जाऊन आले. जेमतेम चार किलोमीटर. काका मुद्दाम हळू चालवत होते, पण गाडी मागून उसळत होती. खड्डा आला की मागचं चाक टणकन उडे, आणि काकांच्या शर्टावरची तिची मूठ आवळली जाई. ती मूठ त्यांना पाठीवर स्वच्छ कळत होती.

"फरक आहे ना?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"आहे की," ती म्हणाली. पण तिचा खालचा ओठ दातांनी पांढरा पडला होता. काकांनी तिला धरून आत नेलं, खाटेवर निजवलं, पाठीखाली उशी दिली. मग ते खाटेच्या कडेवर बसून राहिले. सगळे पैसे, सगळी आशा त्या चाकात घातली होती, आणि चाक मुकाट दारात उभं होतं.

"चाकवाल्याने वजन विचारलं असेल ना?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"विचारलं."

"किती सांगितलंत?"

काका तिच्या उशीची कड सारखी करू लागले.

"अहो."

"बासष्ट."

तिने डोळे उघडले. त्यांना वाटलं, रागावेल. पण तिने त्यांचा हात हातात घेतला. "बासष्ट मी लेकीच्या लग्नात होते. फोटोत कशी दिसते, दारात मावत नाही." मग ती म्हणाली, "मलाही आवडायची हो ती बासष्टवाली. पण ती आता गाडीवर बसत नाही. मी बसते."

काकांना रडू आवरेना. सव्वीस वर्षांच्या संसारात... छे, तो काट्याचा हिशोब झाला, संसार त्याहून मोठा. त्या सगळ्या संसारात ते तिच्यासमोर कधी असे रडले नव्हते. तिने त्यांना रडू दिलं.

"खोटं वजन लिहून गाडी सोडली की काय होतं?" ती म्हणाली. "जा. खरं सांगून या."

मास्तर डबा उघडून जेवायला बसत होते. काका दुकानाच्या तोंडाशीच उभे राहिले.

"मास्तर, वजन चुकलं."

"कितीने?"

"एकेचाळीस आहे." आकडा काट्यावरच्या सवयीने मोठ्याने बाहेर पडला, आणि काकांना आपल्याच आवाजाचं भय वाटलं.

मास्तरांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. भिंतीवरचा बासष्ट त्यांनी तळव्याने पुसला आणि तिथे काही लिहिलं नाही. जाड स्पोक काढून बारीक घातले, टायरातली हवा कमी केली, शॉकअप दोन खाचा सैल केले. तासभरात काम झालं. पैशाचं विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "काम एकच होतं, दोनदा केलं म्हणून काय झालं? वजन बदललं की या. वाढलं तरी, कमी झालं तरी. लाजू नका."

हॉस्पिटलच्या दिवशी ती आपली आपण गाडीवर बसली. शाल तिने दोघांभोवती गुंडाळून काकांच्या पोटावर गाठ मारली. गाव सुटलं, खड्डे आले आणि गेले. गाडी उसळली नाही. शर्ट आवळला गेला नाही. मागे कुणी बसलंय असंच जाणवेना, तेव्हा काका घाबरले. रस्ता सरळ झाल्यावर त्यांनी डावा हात मागे नेऊन चाचपलं. गुडघा हाताला लागला.

"काय झालं?" ती झोपेतल्या आवाजात म्हणाली.

"काही नाही. झोप."

ती त्यांच्या पाठीवर गाल टेकून खरंच झोपली. पस्तीस किलोमीटरमध्ये काकांनी आणखी चार वेळा हात मागे नेला.

हॉस्पिटलात गर्दी होती. नर्स एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने कार्डं लिहीत होती. बायको काट्यावर चढली. काका सवयीप्रमाणे तक्त्याकडे वळले, आणि थांबले.

"वजन किती हो?" नर्सने मान वर न करता विचारलं.

काका वाकले. आकडा स्थिर होईपर्यंत त्यांनी वाट बघितली. रिकामी गाडी असो की भरलेली, आकडा स्थिर झाल्याशिवाय ते वाचत नसत.

"अडतीस," ते मोठ्याने म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन ती सावकाश खाली उतरली.

"मास्तरांना सांगावं लागेल," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "घरी जाताना वाटेतच आहेत."