टेपच्या पलीकडची वाळू

सकाळच्या वाऱ्याने स्टँडवरचा पाइप घसरला आणि नेमका रेडिओग्राफीच्या नळीवर पडला. नळी चेपली, आणि किरणोत्सारी इरिडियमचा तुकडा तिच्या टोकाशी अडकून बसला. वेल्डिंगच्या सांध्याचा फोटो काढायला तो जड पेटीतून नळीत ढकलायचा आणि काम झालं की पेटीत परत ओढून घ्यायचा, हे सुजीतचं रोजचं काम. आज केबल ओढायचं हँडल फिरेना. सुजीतने ते तिथेच सोडलं, ओरडून सगळ्यांना लांब पिटाळलं आणि सुचित्राला फोन लावला.

सुचित्रा कंपनीची रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरून निघताना तिने सरकारी खात्याला कळवलं आणि अजमानहून बदरुद्दीनसरांना बोलावून घेतलं. सर मूळचे दापोलीचे, कंपनीचे सल्लागार. हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं.

लिवाच्या वाळवंटी वाटेवरची ती साइट एरवी गजबजलेली असायची. आज लाल टेपच्या अलीकडे माणसं गप्प उभी होती. पलीकडे फक्त पाइप आणि वाळू. सुचित्राने किरण मोजायचा मीटर पुढे धरला. टेपच्या दोन्ही बाजूंना तेच ऊन, तीच वाळू. काटा मात्र दर पावलाला वर चढत होता. दिसत काही नाही, वास नाही, आवाज नाही. इतकी वर्षं हे काम करूनही तिच्या अंगावर काटा आला.

"मी जोर लावला नाही मॅडम. लावला असता तर केबल तुटली असती," सुजीत म्हणाला. "आता मीच जाऊन येतो पटकन."

"तू सगळं बरोबर केलंस. पण तू आधीच किरणांत होतास, आज आत जायचं नाहीस."

फोरमन हमीद जवळ आला. "मॅडम, कब खलास होगा?"

"जब मीटर बोलेगा, हमीदभाई."

ट्रकच्या आडोशाला तिने रिकामी नळी पसरून तालीम सुरू केली. आधी टोकावर शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या टाकायच्या, म्हणजे किरण अडतील. मग लांब पकडीने चेपलेला भाग गोल करायचा. मग लांबूनच हँडल फिरवायचं. हात आपोआप चालायला लागेपर्यंत ती आणि सर तेच करत राहिले.

दम खायला बसले तेव्हा सर म्हणाले, "तरुणपणी मी वाळवंटात अणुचाचणीच्या जागी गेलोय. स्फोट जमिनीखाली झालेला. आत राहिलेली मोजणीची यंत्रं आणायची होती. पुढे मीटरवाला, मागे आम्ही. वाटलं होतं, सगळं काळंठिक्कर असेल. तर जमीन पाव फुगावा तशी फुगलेली आणि एका झुडपावर होला घुमत बसलेला. माझे पायच हलेनात."

"भीती वाटली?"

"भीती नाही गं. एवढं मोठं काहीतरी आपण केलंय आणि आपण केवढेसे, असं वाटलं." ते उठले. "पिशव्या मी टाकतो. टोकाशी किरणांचा सगळ्यात जास्त मार आहे. माझं वय झालंय, तुझी ईश्वरी अजून शाळेत आहे."

अंगावर किती किरण पडतील याचा हिशोब तिने पुन्हा तपासला. दोघांपैकी कुणीही मर्यादा ओलांडणार नव्हतं. मग हो म्हणत तिने पिशव्या त्यांच्या पुढे ठेवल्या.

सर गेले. ना धावले, ना रेंगाळले. पिशव्या टोकावर अलगद ठेवल्या आणि वळले. काटा सर्रकन खाली आला. मग ती गेली. पकड नळीवर बसली, घसरली, पुन्हा बसली. कानात फक्त स्वतःचा श्वास. नळी कुरकुरत गोल झाली. ती मागे आली आणि हँडल फिरवायला लागली. आधी अडल्यासारखं झालं, मग केबल सरकली आणि पेटीचं कुलूप खट्कन लागलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत शिरायचं होतं तेही मीटर पुढे धरूनच. काटा वर चढला नाही. पेटीपाशी नेहमीइतकाच जरासा हलला, नळीपाशी, पिशव्यांपाशी तेवढाही नाही. मघाशी जिथे माणूस उभा राहू शकत नव्हता तिथे ती उभी होती आणि जागा आता नुसती जागा होती. तिला हसू फुटलं, डोळेही भरून आले.

सुजीतला रक्ततपासणीसाठी गाडीत बसवलं. त्याला मिळालेला किरणांचा डोस मर्यादेत असल्याचं त्याच्या खिशातलं मशीन सांगत होतं, तरी ती म्हणाली, "डॉक्टर म्हणेपर्यंत आराम कर." हमीदने हाक दिली, "यल्ला, चलो!" आणि टेप गुंडाळली गेली. माणसं बोलत बोलत आत शिरली.

सर पाइपपासून थोडे दूर वाळूत बसले होते. त्यांनी मूठभर वाळू उचलली, हातमोजा न घालता, आणि बोटांमधून गळू दिली.

"त्या चाचणीच्या जागी वाळूला हात लावायची परवानगी नव्हती," ते म्हणाले.

सुचित्रा त्यांच्या शेजारी बसली आणि तिनेही मूठ भरून घेतली. वाळू उन्हाने कोमट झाली होती.