हळू असतानाच

बाबांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला, असं सगळं घर मानत होतं. नातेवाईक मानत होते, पोलीस मानत होते, खुद्द बाबाही मानत होते. मानत नव्हते ती एकटी मी. ज्या माणसाने जन्मभर गाडी चालवली त्याचा पाय स्वतःच्या फाटकात चुकतो? मला ते पटत नव्हतं, आणि एखादी गोष्ट पटली नाही की मी लोकांचं डोकं खाते.

गाडी म्हणजे जुनी, उंच, दणकट एसयूव्ही. घरात तिला हत्ती म्हणायचे. आमच्याकडे रस्त्यावरून अंगणात उतार आहे. बाबा बाहेरून आले की आई फाटक उघडायची आणि आतल्या भिंतीला पाठ टेकून उभी राहायची. हत्ती डुलत डुलत उतरायचा आणि तिच्यापासून हातभर अलीकडे थांबायचा. "दारात आला की गुरगुरतो मेला," असं ती मला फोनवर हसत सांगायची. एका संध्याकाळी हत्ती थांबला नाही. मागे भिंत होती, आईला सरकायला जागाच नव्हती.

आई गेल्यावर बाबांनी किल्ली आणि लायसन दादाच्या हातात ठेवलं आणि खिडकीकडे पाठ करून बसले. दाढी वाढली, बोलणं आटलं. कुणी भेटायला आलं की एकच वाक्य: "पाय चुकला." दादा आधी त्यांचं तोंडही बघत नव्हता. मग हळूहळू निवळला. वय झालंय, होतं असं, म्हणत स्वतःच्या हाताने त्यांना ताट वाढायला लागला. बाबा त्यातले चार घास खायचे.

दादाने हत्ती भंगारात काढायचं ठरवलं तेव्हा मी कडाकडा भांडून गाडी ताब्यात घेतली.

"उकरून काय मिळणार आहे तुला?" दादा म्हणाला.

"बाबा मिळतील," मी म्हणाले. "माझा पाय नव्हता, गाडी होती, एवढं त्यांना कळलं ना, तर माणूस उठून दाढी तरी करेल."

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. एकही दोष नोंदलेला नव्हता. एबीएसचा, म्हणजे चाक घसरू नये म्हणून ब्रेक सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, दिवा किल्ली फिरवली की लागत होता आणि शहाण्यासारखा विझत होता. दुसऱ्या गॅरेजवाल्याने मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवली आणि करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी. तिसऱ्याने तेच केलं आणि वर सल्ला दिला, "ताई, म्हाताऱ्या माणसांच्या हातात गाडी देऊच नये." त्याची मी अशी बिनपाण्याने केली की शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम सोडून ऐकत राहिला.

शेवटी एका मैत्रिणीने मला गोगलगायीकडे पाठवलं. गोगलगाय म्हणजे एक पोक्त मेकॅनिक. इतका संथ, की लोक त्याच्याकडे गाडी टाकून दुसरी घेतात, अशी चेष्टा चालायची. त्याने आधी हात पुसले, मग मला स्टूल दिलं, मग विचारलं, "झालं तेव्हा वेग किती होता?"

"चालत्या माणसाइतका."

"मग तसंच चालवून बघू."

मी शेजारी बसले. त्याच्या आवारात त्याने हत्ती रांगत फिरवला. हलकेच ब्रेक, थांबला. परत फेरी, परत थांबला. मी वैतागून बाहेर बघत होते. तेवढ्यात बॉनेटखालून आवाज आला, गुर्रर्र. त्याच्या पायाखालचं पेडल थरथरलं आणि दाबलेल्या ब्रेकवर गाडी पुढे सरकत समोरच्या टायरांच्या ढिगात शिरली.

मग त्याने एबीएसचा फ्यूज काढला आणि तशाच फेऱ्या मारल्या. एकदाही आवाज नाही. हत्ती दरवेळी गुमान थांबला.

"ब्रेक चांगले आहेत," तो म्हणाला. "एबीएस फसतंय." पुढचं डावं चाक काढून त्याने सेन्सर दाखवला. चाक फिरतंय की नाही हे तो गाडीला कळवतो. त्याच्याखाली गंजाचे पापुद्रे धरले होते आणि तो जागेवरून वर उचलला गेला होता. गाडी अगदी हळू झाली की त्याला चाक फिरताना दिसतच नव्हतं. चाक अडकलं, घसरतंय, असं समजून एबीएस ब्रेक सोडून देत होतं. वेगात असताना सगळं ठीक.

"म्हणजे पाय चुकला नव्हता!" मी ओरडलेच. त्या ऑइलच्या वासात बसून मी रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला आनंद झाला होता.

गोगलगाय सेन्सर पुसत राहिला. मग म्हणाला, "पण ताई, एवढा गंज एका दिवसात धरत नाही. कित्येक महिने हा आवाज येत असणार, पेडल थरथरत असणार. चालवणाऱ्याला कळलं कसं नाही?"

गुरगुरतो मेला. आईचं हसणं मला कानाशी ऐकू आलं. मी स्टुलावरून उठले आणि परत बसले.

घरी गेले तेव्हा बाबा तसेच बसले होते. किती वाक्यं तयार करून ठेवली होती मी त्यांच्यासाठी.

"काय निघालं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही. ब्रेक ठीक आहेत."

"पुढचं डावं चाक ना?"

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"तुझी आई रोज सांगायची," ते म्हणाले. "एकदा दाखवून आणा म्हणायची. मी म्हणायचो, अगं, हळू असतानाच होतं ते. हळू असताना काय होणार आहे?"

मला त्यांचा राग आला. इतका आला, की खांद्यावर ठेवायला उचललेला हात मी मागे घेतला.

"दादाला सांगू नकोस," ते म्हणाले. "पाय चुकला म्हणून तो ताट तरी वाढतो."

दादा ताट घेऊन आत आला. ते बाबांपुढे ठेवता ठेवता त्याने माझ्याकडे बघितलं. "मग? सापडलं का काही?"

बाबांनी मान खाली घातली होती. त्यांनी दोन्ही हातांनी ताटाची कड धरून ठेवली होती.

"नाही," मी म्हणाले. "पायच चुकला त्यांचा."

दादाने मान हलवली आणि पाणी आणायला गेला.