लेनोराचा सव्वीस सेकंदांचा नाच

"ही बाई दमते," इर्मा म्हणाली.

हार्लन ट्वेटनं मान वर केली नाही. "कोणती बाई?"

"तुझी नाचणारी. अठराव्या सेकंदाला गुडघ्यावर हात टेकते. मागच्या चित्रपटाच्या कागदांवर टेकलेला नाही."

१९४६चा मार्च चालू होता. लॉस एंजेलिसमधल्या त्या कार्टून स्टुडिओत इर्मा झोलनरकडे नुकतंच ट्रेसिंगचं टेबल आलं होतं. टेबलाला काच, काचेखाली दिवा. खऱ्या माणसाची फिल्म एकेक चौकट करून खालून काचेवर पाडायची, वर कागद ठेवायचा आणि पेन्सिलनं रेषा उमटवायच्या. मग त्या रेषांवरून माणसाचं बदक करा, नाहीतर बोकड करा. इर्माच्या समोरच्या फिल्मवर हार्लनची बायको होती. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हार्लन मिनेसोटातल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा. एकतीस साली इथं आला तेव्हा त्याला धुण्याचं काम मिळालं. चित्रीकरण झालं की सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवरचा रंग धुऊन काढायचा, म्हणजे पत्रे पुन्हा वापरता यायचे. दिवसभर पाण्यात राहून बोटांना भेगा पडायच्या, आणि तशाच बोटांनी तो दुपारच्या सुट्टीत चित्रं काढायचा. दोन वर्षांत त्याला स्वतःचं टेबल मिळालं. त्याच सुमाराला त्यानं लेनोरा बाकाशी लग्न केलं. ती न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोची, घरी स्पॅनिश बोलणारी, सिनेमांत मागच्या रांगेत नाचणारी.

मग मालकांना नाचणारी हंसीण हवीशी झाली. हार्लनची हंसीण नाचायला लागली की बर्फावर घसरलेल्या गाईसारखी दिसायची. लेनोरानं एकदा त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि ती पोट धरधरून हसली.

"अरे, पाय कुठं, कंबर कुठं! कॅमेरा आण. मी नाचते, तू बघून काढ."

चौतीसच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, स्टुडिओच्या गच्चीवर ते चित्रण झालं. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसरीकडे कपडे वाळत घालायची दोरी, मधल्या जागेत लेनोरा. हार्लन कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला घड्याळ घेऊन उभा. सव्वीस सेकंद. शेवटी ती त्याच्याकडे बघून हसली, तेवढ्यात फिल्म संपली.

त्या नाचानं मिस ड्रुसी ही हंसीण नावारूपाला आली आणि हार्लनही. थिएटरात लोक नाचाला टाळ्या वाजवायचे. सदतीसच्या जानेवारीत लेनोरा न्यूमोनियानं गेली. चाळीस साली हार्लन दिग्दर्शक झाला. दर चित्रपटात ड्रुसी नाचायची, आणि दर वेळी तेच रीळ कपाटातून निघून काचेवर चढायचं.

"फिल्म आकसते," तो इर्माला म्हणाला. "जुनी झाली की आकसतेच."

"आकसेल ना. पण मग सगळीच आकसेल. एकटा गुडघा कसा आकसेल?" इर्मानं दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावले. "हा एक्केचाळीसचा. हा माझा आजचा. तीच चौकट, तोच आकडा. बघ तूच."

एक्केचाळीसच्या कागदावर पाय कमरेइतका वर गेलेला. आजच्या कागदावर तो गुडघ्यापर्यंतच पोचला होता.

हार्लननं रीळ काढून घेतलं, आपल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि हातानं फिरवायच्या छोट्या यंत्रावर चढवलं. टाकी तीच, दोरी तीच, ऊनही तेच. लेनोराच्या कानामागं मात्र केसांची एक बट पांढरी झाली होती. कंबर थोडी भरली होती. अठराव्या सेकंदाला तिनं गुडघ्यावर हात टेकला, श्वास घेतला आणि ती पुन्हा नाचायला लागली.

खरं तर त्याला घाम फुटायला हवा होता. पण आधी झाला तो आनंद. त्याच्या आठवणीतली बायको चोवीस वर्षांची राहिली होती आणि तो पुढं निघून गेला होता. इथं ती त्याच्याच वयाची झाली होती. त्यानं रीळ परत सुरुवातीला नेलं आणि पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा.

तेव्हापासून ते ट्रेसिंग त्यानं इर्माकडून काढून घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार बंद व्हायचं. सँडविच टेबलावर सुकायचं. आज तिनं बाही वर सारली, आज तिला ठेच लागली, असं तो मनाशी नोंदवायचा आणि काढायचा. हंसीणही म्हातारी होत गेली. तिची मान झुकली, नाच संथ झाला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की ट्वेटच्या चित्रांत आता खरी माणसं दिसतात. थिएटरात मात्र नाच सुरू झाला की लोक गप्प व्हायचे. मुलं आईच्या कुशीत तोंड लपवायची.

निर्माता गस मॅडर्न एकदा त्याला म्हणाला, "हार्लन, बाबा रे, ही हंसीण पाहून माझी बायको रडली. मी लोकांना रडवायचा धंदा करत नाही."

"ती छान नाचते अजून."

"छान? माझ्या आजीला नाचवल्यासारखं वाटतं. काय झालंय काय तुला?"

हार्लन आपल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

पंचावन्न सालच्या शरदात त्याच्या लक्षात आलं की शेवटच्या तीन सेकंदांत लेनोरा हसत नाही. कॅमेऱ्याच्या डावीकडे बघून ती काहीतरी बोलते. चित्रीकरणात आवाज नव्हताच. पण गेली वीस वर्षं हार्लननं पात्रांच्या तोंडी शब्द बसवले होते. कोणत्या अक्षराला ओठ मिटतात, कुठं गोल होतात, दात कधी दिसतात, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो एकेका चौकटीतलं तोंड कागदावर काढत गेला आणि प्रत्येकाखाली अक्षर लिहीत गेला. बहात्तर तोंडं झाली. मग त्यानं अक्षरं सलग वाचली.

*झालं का, हार्लन? उतरू का मी खाली?*

त्यानं पेन्सिल ठेवली. या नऊ वर्षांत त्यानं ते रीळ किती वेळा चालवलं असेल, याचा अंदाजही त्याला करवेना. तितक्या वेळा ती नाचली होती.

त्यानं रीळ कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि सहा महिने त्याला हात लावला नाही. पण एप्रिलमध्ये मॅडर्न हसत हसत खोलीत आला. "टेलिव्हिजनवाल्यांना ड्रुसी हवीय! दर शनिवारी सकाळी. आणि दर शनिवारी नवा नाच. मी तीन पोरी बसवतो ट्रेसिंगला, तू नुसती देखरेख कर."

"ती थकलीय, गस."

"कोण?"

 मॅडर्न गेल्यावर तो इर्माच्या टेबलाशी जाऊन बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. पांढरी बट, श्वास, बहात्तर तोंडं. इर्मा हातातली पेन्सिल फिरवत ऐकत होती. तिनं त्याला वेड्यात काढलं नाही.

"दहा वर्षं मी गप्प बसले," ती म्हणाली. "तुला हवंय तर असू दे, म्हटलं. पण तूच तिला तिथं उभं केलंस ना? मग तूच सांग की तिला उतरायला. दुसरं कुणाचं ती कशाला ऐकेल?"

दुसऱ्या दिवशी बरोब्बर दुपारी हार्लन गच्चीवर गेला. खाली इर्मानं रीळ टेबलावर चढवून ठेवलं होतं. टाकी गंजली होती. दोरी कुणीतरी बदलली होती. तेव्हा कॅमेरा होता त्याच्या डावीकडच्या आपल्या जुन्या जागी तो उभा राहिला. समोर गच्चीची रिकामी डांबरी जमीन तापली होती. एवढा पन्नाशीकडं झुकलेला माणूस असा उभा, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"झालं, लेनोरा," तो म्हणाला. "सुरेख झालं. उतर आता."

काही झालं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग त्याच्या पाठीमागं, लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर पाऊल वाजलं.

दुसरं पाऊल त्याच पायरीवर. मग खालची पायरी, पुन्हा दोन्ही पावलं. गुडघे दुखणारी माणसं अशीच उतरतात. हार्लन वळला. जिन्यावर कुणी नव्हतं. पण कठडा थरथरत होता, आणि कुणाच्या तरी हातानं घासला जावा तसा त्यावरचा गंजाचा भुगा उन्हात खाली पडत होता. आवाज सावकाश खाली खाली गेला. मधल्या वळणावर थांबला, बहुतेक दम घ्यायला, आणि पुन्हा सुरू झाला.

तो धावला नाही. कठड्यावर हात ठेवून तिच्या मागोमाग तो त्याच चालीनं उतरत राहिला. तळमजल्याला फाटकाशी हर्शेल नावाचा म्हातारा पहारेकरी टोपी हातात घेऊन उभा होता.

"कोण होत्या हो त्या बाई?" त्यानं विचारलं. "मी दार उघडलं तर 'ग्रासियास' म्हणाल्या, स्पॅनिशमध्ये आभार मानले. वर कधी गेल्या ते दिसलंच नाही मला."

"कुठं गेल्या?"

हर्शेलनं पूर्वेकडं, सोकोरोच्या दिशेला, बोट दाखवलं. रस्ता उन्हात पांढरा पडला होता. त्यावर कुणी नव्हतं.

वर खोलीत इर्मा खुर्चीच्या कडेला बसली होती. तिनं रीळ पुन्हा चालवून दाखवलं. टाकी, वाऱ्यानं हलणारी दोरी, ऊन. सव्वीस सेकंद रिकामी गच्ची. फक्त डाव्या कोपऱ्यातून एका माणसाची सावली जमिनीवर पडली होती, हात वर धरलेला, हातात घड्याळ. इतकी वर्षं ती लेनोराच्या घेरदार झग्याआड असावी.

"हा तू," इर्मा हळूच म्हणाली.

हार्लन बघत राहिला. सावली हलत नव्हती.

मॅडर्नचा विश्वास बसला नाही. हार्लननं रीळ बदललं, खरं लपवलं, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला आणि जूनमध्ये त्यानं हार्लनला नोकरीवरून काढलं. टेलिव्हिजनवर जुन्याच चित्रपटांचे तुकडे जोडून ड्रुसी दाखवली गेली. ते रिकामं रीळ इर्मानं घरी नेलं. तिच्या बहिणीनं कपाट आवरताना ते फेकून दिलं की काय, हे नंतर कुणालाच नक्की सांगता आलं नाही.

हार्लननं पुढं बारा वर्षं जाहिराती केल्या. कॉफी, टायर, दात घासायची पेस्ट. तिथल्या तरुण चित्रकारांना तो कडक वाटायचा. एकदा कुणीतरी सुचवलं की साबणाच्या जाहिरातीसाठी एक मुलगी बोलवू, तिला पाच मिनिटं नाचवू, फिल्म घेऊ आणि तिच्यावरून चित्रं काढू. हार्लननं त्या मुलाला बाजूला बसवलं आणि दोन दिवस स्वतः कोरा कागद घेऊन झगडला. नाच जमला नाही, पाय लाकडी आले. गिऱ्हाइकानं नाक मुरडलं.

"दुसरी कल्पना सुचवतो," हार्लन म्हणाला आणि त्यानं साबणाच्या फेसाचे बुडबुडे काढायला घेतले.