सिरिलनं ओळखलेलं स्टेशन

"धुराडं बघा, धुराडं!" फोटोवर भिंग ठेवत सिरिल ओल्डरॉइड म्हणाला. "वरच्या विटांच्या दोन ओळी बाहेर काढल्यात. हे हार्थवेटच. लावा पैज!"

पैज लावणार कोण? बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे जुने फोटो बघून स्टेशन ओळखायचं, हा आमच्या मंडळाचा उद्योग, आणि बावीस वर्षांत सिरिलचं एकही स्टेशन चुकलं नव्हतं. दर दुसऱ्या मंगळवारी आम्ही आठ-नऊ म्हातारे चर्चमागच्या खोलीत जमतो, चहात बिस्किटं बुडवतो आणि साठ वर्षांपूर्वी उखडलेल्या रुळांवरून हमरीतुमरीवर येतो. आमच्या बायका याला वेड म्हणतात, आणि त्यांचं काही चूक नाही. सिरिलनं सारी नोकरी सिग्नलच्या केबिनीत काढली. मी शाळामास्तर. मंडळाचा चिटणीस झालो तो केवळ अक्षर बरं म्हणून.

फोटो घेऊन आली होती ग्लेनिस पिकर्सगिल. फलाटावर गणवेशात उभा असलेला हमाल म्हणजे तिचे वडील, नॉर्मन. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. "मला माझ्या पहिल्या स्टेशनात नेऊन सोड," एवढं ते मुलीला सांगून गेले, पण स्टेशनाचं नाव सांगायचं राहिलं. मागे सापडला तो हा एक फोटो. तेव्हापासून त्यांची रक्षा तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर होती.

"नक्की ना, मिस्टर ओल्डरॉइड?" तिनं विचारलं. "एकदा सोडली की परत गोळा नाही करता यायची."

"पोरी, मी बायकोचा वाढदिवस चुकेन, स्टेशन नाही चुकायचा."

मे महिन्यातल्या एका शनिवारी तिचे नातेवाईक आणि आम्ही सगळे मेंढ्यांच्या कुरणातून मैलभर चालत हार्थवेटला गेलो. तिथे आता फलाटाच्या कडेचे दगड तेवढे उरलेत. पण जागा अशी की बघत राहावं. खाली ओढा, दगडांच्या फटीफटीतून पिवळी फुलं. ग्लेनिसचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला असावा. फोटो या हातातून त्या हातात फिरत एड्ना आत्याकडे गेला. ही नॉर्मनची अठ्ठ्याऐंशी वर्षांची बहीण. तिनं लीड्सच्या कारखान्यात जन्मभर कोट शिवले.

"अगं बाई! आमच्या नॉर्मननं बटणं बायकांसारखी डाव्या अंगाला लावलीत की!"

सगळे हसले. सिरिल हसला नाही. त्यानं फोटो तिच्या हातातून घेतला, उन्हासमोर धरला आणि मागच्या बाजूनं बघितला. मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. फोटो उलटा छापलेला होता. मागून बघितलं की बटणं पुरुषांसारखी होत होती आणि फलाटामागचा पूल उजवीकडचा डावीकडे जात होता. त्या मार्गावर एकाच कंत्राटदारानं दोन स्टेशनं बांधली होती, एक हार्थवेट आणि दुसरं स्कार्बेक. दोन्ही सारखीच, फक्त डाव्याचं उजवं केलेलं. आम्ही सगळ्यांनी भिंग लावून धुराडं बघितलं, कुंपण बघितलं, दिव्याचा खांब बघितला. माणसाकडे मात्र कुणी बघितलं नाही.

ग्लेनिस रक्षेच्या डब्याचं झाकण उघडायला लागली होती.

"सिरिल, गप्प बस," मी कुजबुजलो. "जागा सुंदर आहे, पोरगी खूश आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, कीथ."

"अरे, स्कार्बेकवर आता सुपरमार्केटचं पार्किंग आहे!"

"ठाऊक आहे मला."

तो काठी टेकत पुढे गेला आणि त्यानं टोपी काढली. "पोरी, झाकण लाव. हे तुझ्या वडिलांचं स्टेशन नाही. मी चुकलो."

"हे आत्ता सांगताय? आत्ता?"

"हो. अजून एक मिनिट गेलं असतं तर कधीच सांगितलं नसतं."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं, पार्किंगसकट. ती दगडावर बसून रडली. खरं सांगतो, त्या क्षणी मला सिरिलचा भयंकर राग आला होता. खरेपणा करायचा तर निदान जागा तरी बरी शोधायची! शेवटी एड्ना आत्याच उठली.

"ऊठ गं. नॉर्मननं त्याची जागा सांगितली होती. चांगली जागा बघ असं कुठे म्हणाला होता?"

त्याच दुपारी आम्ही स्कार्बेकला पोचलो. शनिवारची गर्दी, ढकलगाड्यांचा खडखडाट, मुलांची रडारड. जुन्या पुलाचा एक दगडी खांब कोपऱ्यात शिल्लक होता. तिथून सिरिल पावलं मोजत निघाला आणि मधल्या एका चिंचोळ्या मातीच्या पट्ट्याशी थांबला. तिथे हातभर उंचीचं एक रोपटं लावलेलं होतं.

"इथे. फलाटाचं टोक इथे होतं," तो म्हणाला. नंतर हळूच म्हणाला, "या खेपेला बटणंही बघितलीत."

ग्लेनिस गुडघ्यांवर बसली. तिनं डबा उघडला, तेवढ्यात एक लाल मोटार जागा शोधत नेमकी त्याच बाजूला वळली. सिरिल काठी टाकून तिच्या आडवा गेला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरले. रेल्वेत गाडी थांबवायची ती खूण. त्या मोटारवाल्याला ती कशी ठाऊक असणार? त्यानं काच खाली केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग त्याची नजर सिरिलच्या मागे बसलेल्या ग्लेनिसकडे गेली. त्यानं इंजिन बंद केलं. त्याच्या मागे आणखी दोन मोटारी येऊन थांबल्या. हॉर्न कुणीच वाजवला नाही.

सिरिल एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. तरी ग्लेनिस उठून उभी राहीपर्यंत त्यानं हात खाली घेतले नाहीत.