पॉलिशखालचा ओरखडा

मी एक जुने हेल्मेट आहे, मित्रांनो. जुन्या वस्तू नेहमी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी मात्र चार दिवस मनातल्या मनात एकच धावा करत होतो, की मला कुणीतरी टाकून द्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. बाहेर टणक काळे कवच, आत फोमचा जाड थर आणि त्यावर मऊ अस्तर. लोकांना वाटते, सगळे काम कवचच करते. खरे काम त्या फोमचे. जोराचा मार बसला की तो स्वतः चिरतो आणि डोके वाचवतो. पण हे त्याला एकदाच जमते.

मला एका नर्सने विकत घेतले. सगळे तिला सिस्टर म्हणत. दुकानात तिने अकरा हेल्मेटे घालून, मान हलवून पाहिली आणि शेवटी मला पसंत केले. रोज दवाखान्याला जाता-येता ऊन, धूळ आणि चिलटे मी तोंडावर घेतली. तिचा मित्र मास्तर शाळेत भूगोल शिकवायचा. तो माझ्यावर टकटक करून म्हणायचा, की सिस्टरचे डोके आणि हेल्मेट, दोन्ही सारखीच टणक. मला ते कौतुकच वाटायचे.

मग मोटारसायकलवरून परदेशी जायचा बेत शिजू लागला. सिस्टर, मास्तर आणि तिसरा घड्याळजी. हा घड्याळे दुरुस्त करायचा, म्हणून हे नाव. तीन गाड्या, चार देश, चाळीस दिवस. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. मास्तर पेन्सिलीने रस्ता आखायचा, सिस्टर औषधांची यादी करायची, आणि घड्याळजी व्हिसा नि गाड्या सीमेपार न्यायचे कागद तपासायचा. तपासून झाले की पुन्हा तपासायचा.

विरोध एकट्या आप्पांचा, म्हणजे सिस्टरच्या वडिलांचा. क्रेन चालवण्यात त्यांची हयात गेली. माणसांच्या डोक्यावरून त्यांनी लोखंडाची ओझी नेली, पण कधी काही पाडले नाही. म्हणूनच की काय, त्यांना जिकडेतिकडे अपघातच दिसत. परके रस्ते, भरधाव ट्रक, तिकडे आजारी पडलीस तर कोण बघणार, असे सहा महिने त्यांनी घर डोक्यावर घेतले. शेवटी नमले आणि म्हणाले, की जा बाई, पण रोज फोन कर.

निघायला पाच दिवस उरले होते. त्या सोमवारी आप्पांनी मला पुसायला घेतले. नाही म्हटले तरी लेकीच्या तयारीला हात लावावा, असे त्यांना वाटले असणार. मला गॅलरीच्या कठड्यावर ठेवून ते फडके झटकायला वळले आणि त्यांचे कोपर लागले. दोन मजले खाली सिमेंटवर मी उजव्या कानशिलावर आपटलो. आतला फोम चिरला, हे मला त्याच क्षणी कळले.

आप्पा धापा टाकत खाली आले. वरून दिसत होता तो फक्त अंगठ्याएवढा ओरखडा. त्यांनी बुटाचे काळे पॉलिश आणले आणि तो दिसेनासा होईपर्यंत घासले. संध्याकाळी सिस्टर खूश झाली. आप्पांनी काय चमकवलंय म्हणून तिने मास्तरला फोनवर सांगितले. आप्पा अर्ध्या जेवणावरून उठले.

आप्पा वाईट नव्हते, मित्रांनो. पण सहा महिने विरोध केलेल्या माणसाच्या हातून हेल्मेट चुकून पडले, यावर कोण विश्वास ठेवणार? एवढ्याशा ओरखड्याने काय होतेय, अशी ते स्वतःची समजूत घालत. ती काही पटत नसे. दिवसातून दहादा ते मला टांगलेल्या खुंटीपाशी येत, पॉलिशच्या जागी अंगठा दाबत आणि निघून जात. मला तर तोंडच नव्हते. बुधवारी सिस्टर मला घालून सामानासकट फेरी मारून आली. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव टांगणीला. ही उजव्या बाजूला पडली तर?

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची बैठक भरली. घड्याळजीची एक सवय होती. दुरुस्तीला आलेले घड्याळ भिजलेय का, पडलेय का, हे तो गिऱ्हाइकाला खोदूनखोदून विचारायचा. तसेच त्याने इथेही विचारले. गाडीचे किंवा अंगाचे एकेक झाकलेले दुखणे सांगितल्याशिवाय कुणी उठायचे नाही. मास्तरने आढेवेढे घेत गुडघा कबूल केला. बोगद्यात आपल्याला धडकी भरते, असे सिस्टर म्हणाली. कोपऱ्यात आप्पा मटार सोलत बसले होते. ते उठले. मांडीवरचे दाणे फरशीभर झाले. त्यांनी मला खुंटीवरून काढून नकाशावर ठेवले.

"हे डोक्यात घालू नकोस. माझ्या हातून गॅलरीतून पडलंय."

"कधी?" सिस्टरने विचारले.

"सोमवारी. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, म्हाताऱ्याने मुद्दाम पाडलं."

घड्याळजीने माझे अस्तर उपसले आणि डोळ्याला भिंग लावले. कानशिलापासून मानेपर्यंत केसासारखी बारीक चीर होती. सिस्टरने तीवरून बोट फिरवले.

"मी म्हटलंही असतं तसं, आप्पा," ती म्हणाली. "पण हे घातलं नसतं."

निघणे दोन दिवस पुढे गेले. नवे हेल्मेट आणायला आप्पाही गेले. परत आल्यावर घड्याळजीने सुचवले, की जुन्याचा पट्टा कापून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून वापरेल. सिस्टरने कात्री आप्पांच्या हातात दिली. पट्टा जाड होता, म्हणून तिने वरून आपला हात धरला. दोघांनी मिळून पट्टा कापला.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कितीही जपले तरी एखादी वस्तू हातून पडतेच. पडली तर त्याच दिवशी सांगा. घरचे रागावतील, नाही नाही ते बोलतील. बोलू द्या. पट्टा तुटला आणि हेल्मेट म्हणून मी संपलो. त्या सोमवारनंतर मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही.