साधी वाढ

सुतळीच्या मानेवर गाठी आल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी वहिनीकडे पाहिलं. साहजिकच होतं ते. वहिनीचं सगळं काम गाठींचंच. शरीरात जंतू शिरला की ग्रंथी सुजतात, काम झालं की बसतात. काही मात्र बसत नाहीत, आणि त्यांतल्या मोजक्या पुढे कॅन्सरच्या वाटेला लागतात. कुठल्या लागतात आणि का, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेत ती होती. सुतळी म्हणजे तिची धाकटी नणंद. अंगाने बारीक म्हणून ते नाव पडलं आणि चाळिशी आली तरी चिकटून राहिलं. बाजारात तिचं फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान होतं.

"गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला," वहिनीचा नवरा म्हणाला. "कॅन्सरच. सोमवारपासून केमो सुरू करायची म्हणतात."

वहिनीने रुग्णालयातून गाठीच्या तुकड्याची स्लाइड मागवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कॅन्सर झालेल्या ग्रंथीत आतली सगळी आखणी पुसली जाते. इथे पेशींची झुंबड उडाली होती खरी, पण आखणी जागच्या जागी होती. गोल गोल पुंजके, प्रत्येकाला आपली कड. फक्त एका बाजूला कडा धूसर झाल्या होत्या. तिथे ती पुन्हा पुन्हा जाऊन आली. मग तिने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बोलावलं. ते एरवी पाहता पाहता विनोद करणारे; आज त्यांनी भिंगावरून डोळा काढलाच नाही.

"औषधं कुठली चालू आहेत तिला?" त्यांनी विचारलं.

आकडीची गोळी. सुतळीला लहानपणापासून फिट यायची. गेल्या हिवाळ्यात तिची गोळी बदलली होती आणि गाठी त्यानंतरच्या. काहींना अशा गोळीने ग्रंथी फुगतात आणि हुबेहूब कॅन्सरचं सोंग घेतात, हे दोघांनाही माहीत होतं.

"सोंग असेल, नुसती साधी वाढ असेल, तर गोळी सुटल्यावर उतरेल," प्रमुख म्हणाले.

"आणि नसेल तर?"

त्यांनी चष्मा पुसला. "नसेल तर आपण तिचा वेळ खाल्ला."

घरी तिने हे सांगितलं आणि नवरा उठून उभाच राहिला. "माझ्या बहिणीवर प्रयोग करणार तू?"

"दादा, गाठ माझ्या मानेवर आहे," सुतळी म्हणाली. "वहिनी, तुझी खात्री आहे?"

"बरीचशी."

"बरीचशी म्हणजे?"

वहिनीने धूसर कडांचंही सांगितलं. लपवलं नाही. सुतळी बोटांची नखं बघत म्हणाली, "थांबू या. विष काय, नंतरही पिता येईल."

उपचार करणारे डॉक्टर नाखुशीने थांबायला तयार झाले. हिवाळ्यात लागलेली ती गोळी हळूहळू कमी करत दुसरी सुरू केली. गाठी मऊ झाल्या, लहान झाल्या. वहिनी एक दिवसाआड तिच्या मानेवरून बोटं फिरवायची. हाताला कमी लागलं की दिवस बरा जायचा. आणि अशाच एका बऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. काच कापता कापता सुतळीला फिट आली होती आणि ती कापायच्या टेबलावरच पडली होती. तळहात फाटला होता. जखम थोडी वर झाली असती तर मनगटाची नस गेली असती.

टाके पडेपर्यंत नवरा बाहेर येरझाऱ्या घालत होता. बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मग पुन्हा गोळी बदलली आणि ती लागू पडली. फिट थांबल्या, मान पहिल्यासारखी झाली. नवऱ्याने एका सकाळी स्वतः केलेल्या चहाचा कप वहिनीसमोर ठेवला. माफी मागायची त्याची हीच तऱ्हा होती. सुतळी सगळ्यांना मान ताणून दाखवायची, "बघा, राजहंस!" सगळे हसायचे. वहिनीही हसायची, पण हसता हसता तिची नजर सुतळीच्या जबड्याखाली, काखेकडे, कुठे कुठे जाऊन यायची. अशा बसलेल्या गाठींचं पुढे काय होतं हे ती रोज वाचत होती. बहुतेकींचं काही होत नाही. बहुतेकींचं.

वर्ष उलटलं. सुतळीने दुकानातूनच फोन केला. "वहिनी, काखेत काहीतरी लागतंय. दुखत नाही."

दुखत नाही, हेच वहिनीला नको होतं; जंतूने सुजलेली गाठ बहुधा दुखते.

या वेळी स्लाइडवर एकही पुंजका नव्हता. कडा नव्हत्या, आखणी नव्हती. एकसारख्या पेशींचा सपाट पसारा. पहिल्याच गाठीत हे बी होतं की नंतर रुजलं, हे प्रमुखांना सांगता येईना आणि तिलाही. ती तडक दुकानात गेली. सुतळी कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला पाठचा पुठ्ठा लावत होती.

"या वेळी खरंच आहे," वहिनी म्हणाली.

सुतळीने पुठ्ठा सारखा केला. "तेव्हाच केमो घेतली असती तर?"

"माहीत नाही गं. कदाचित टळलं असतं. कदाचित उगाच सोसलं असतंस. खरंच माहीत नाही."

सुतळीने मान हलवली. हात पुसले आणि फोन उचलला.

"दादा," ती म्हणाली, "एक सांगायचंय. पण त्याआधी शब्द दे, घरी गेल्यावर वहिनीला एक अक्षर बोलायचं नाही. जे बोलायचं ते माझ्याशी."

सुतळी फोन कानाला धरून उभी राहिली. वहिनीही उभी राहिली, आणि दोघी त्या शब्दाची वाट बघत राहिल्या.